हळहळ-कर

अर्थमंत्र्यांना माझी एक नम्र सूचना आहे. या देशात हॉकीबद्दल हळहळणाऱ्या प्रत्येक माणसावर हळहळ-कर बसवावा. दर अगदी सोपे. 'आपला राष्ट्रीय खेळ, आणि काय ही दशा!' असं म्हणून नुसता सुस्कारा सोडला तर दहा रुपये. ध्यानचंदांचं नाव घेऊन सोडला तर पंचवीस. 'या मेल्या क्रिकेटनं सगळं खाल्लं हो!' असं मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघता बघता म्हटलं तर पन्नास, आणि त्यात ज्येष्ठ नागरिकांनाही सवलत नाही. कर उगमस्थानीच कापावा, म्हणजे सुस्कारा नाकपुडीबाहेर पडायच्या आत. आमच्या डोंबिवलीहून सकाळी निघणाऱ्या फास्ट लोकलच्या एका डब्यातून एवढा महसूल जमेल की, ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक स्टेशनाबाहेर एकेक हॉकीचं मैदान बांधता येईल. (रिक्षा आणि फेरीवाले यांच्यातून मैदानाला जागा कुठून काढायची, हा प्रश्न महापालिकेचा. अर्थखात्याचा नव्हे.)

मी चेष्टा करतोय असं समजू नका. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. चेष्टा करायची आमच्याकडे पद्धत नाही, आमची होते.

बँकेत एक नियम आहे. गिऱ्हाइकानं दोन वर्षं खात्यात काही भरलं नाही की काढलं नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. मग एखादे आजोबा पासबुक नाचवत काउंटरवर येतात. "निष्क्रिय कसं? व्याज जमा होतंय की दर तिमाहीला!" त्यांना समजावून सांगावं लागतं, की आजोबा, ते व्याज बँकेनं भरलं. तुम्ही नाही. तो तुमचा व्यवहार धरत नाहीत. तुम्ही स्वतः उठून यायला हवं, शंभर रुपये का होईनात, भरायला हवेत. आणि असंच दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या एका निधीत जाते.

हॉकीचं आपलं खातं नेमकं असं आहे. १९२८, १९३२, १९३६, १९४८, १९५२, १९५६, १९६४ आणि १९८०. ऑलिंपिकच्या आठ सुवर्णपदकांची ही ठेव दुसऱ्याच कुणीतरी घाम गाळून ठेवली. तिच्यावरचं अभिमानाचं व्याज आपण घरबसल्या खातो आणि व्याज पुरेनासं झालं की बँकेच्या नावानं ओरडतो. स्वतः उठून खात्यात काय भरलं, हे मात्र विचारायचं नाही. मी विचारतोय. तुम्ही हॉकीचा शेवटचा सामना मैदानावर जाऊन कधी पाहिलात? टीव्हीवरचा नव्हे, आणि शाहरुख खान ज्याचा प्रशिक्षक होता तोही नव्हे.

आमच्या डब्यात हा प्रश्न विचारला तेव्हा ठाणे येईपर्यंत शांतता होती. डोंबिवली ते ठाणे शांतता म्हणजे काय, हे त्या डब्यातून प्रवास करणाऱ्यालाच कळेल.

ठाण्यानंतर मात्र वकीलपत्रं बाहेर आली. पहिलं, नेहमीचंच. "गोऱ्यांनी कृत्रिम हिरवळ आणली आणि आपला खेळ मारला." वाक्य ऐकायला झकास आहे. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो, इथवर ते खरंही आहे. पण पुढचं पान उलटा ना! १९८० साली मॉस्कोला मैदान कृत्रिमच होतं आणि आपण सुवर्णपदक जिंकलो. (बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ तिथे आले नव्हते, हे कबूल. पण १९३२ साली लॉस एंजेलिसला आपण अमेरिकेवर चोवीस गोल चढवले, त्या स्पर्धेत संघ किती होते? तीन. ते कुणी सांगत नाही.) त्यानंतर विश्वचषक आला तो थेट मुंबईत, आपल्या दारात. २९ डिसेंबर १९८१ ते १२ जानेवारी १९८२. खऱ्याखुऱ्या गवतावर. गवत आपलं, हवा आपली, प्रेक्षक आपले, आणि बारा संघांत आपण पाचवे. जिंकलं पाकिस्तान. पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवून. ज्या पाकिस्तानकडेही प्लास्टिकचं गवत आपल्याइतकंच दुर्मीळ होतं, त्यांनी १९८४ चं ऑलिंपिक सुवर्ण त्याच प्लास्टिकवर मिळवलं आणि १९९४ चा विश्वचषकही नेला. तेव्हा गवताला दोष देणं आता पुरे. गवत बोलत नाही म्हणून किती बोल लावायचा त्याला?

दुसरं वकीलपत्र, 'क्रिकेटनं खाल्लं'. १ डिसेंबर १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्ताननं आपल्याला ७-१ असं धुतलं आणि पुढल्या जूनमध्ये कपिलच्या पोरांनी लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. एका घरात सुतक आणि शेजारी बारसं. आपण बारशाला गेलो. त्यात गैर काही नाही. पेढे तिकडे होते. पण सुतक असलेल्या घरात पुन्हा डोकावायलाही न जाता 'अरेरे, त्या बारशानं यांचं घर बसवलं' असं म्हणत फिरायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

तिसरं वकीलपत्र संघटनेच्या नावानं. इथे मात्र मी वाद घालणार नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळत मोठा झालेला धनराज पिल्ले १९९८ साली बँकॉकला कर्णधार होता. बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक आलं. त्यानंतर त्याच्यासकट सात जणांना संघातून वगळलं गेलं. सोनं आणणाऱ्याला घरी बसवायचं, हा हिशेब मला कुठल्याच लेजरमध्ये मांडता आलेला नाही. पण आपण त्या वेळी काय करत होतो? मी वीस वर्षांचा होतो आणि कॉलेजच्या कट्ट्यावर सचिननं शारजात मारलेल्या दोन शतकांवर बोलत होतो. शारजा एप्रिलात झालं होतं, बँकॉक डिसेंबरात. आठ महिने झाले तरी आमचं शारजा संपलं नव्हतं. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेला हा माणूस चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. एवढं दुसऱ्या कुणी केलं असतं, तर आपण त्याच्या नावाचे चौक केले असते. पण आडनाव पिल्ले, गाव खडकी, खेळ हॉकी. आपल्या 'आपला माणूस' या फॉर्मात भरायच्या तिन्ही रकाने चुकलेले.

खरी गोम इथेच आहे, आणि ती कुणी बोलत नाही. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ होता की नव्हता ते सोडा; तो आपल्या आळीतला खेळ कधी नव्हताच. तो खडकीच्या लष्करी वस्तीचा, कामठीचा, वांद्र्याच्या गोवेकरांचा, रेल्वे-पोलिसांच्या वसाहतींचा. वाड्यात, चाळीत, सोसायटीत आपण काय खेळलो? क्रिकेट, कबड्डी, आणि पावसाळ्यात कॅरम. २०११ साली चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवणाऱ्या संघात मुंबईचा युवराज वाल्मीकी होता. तो परत आला तेव्हा वर्तमानपत्रांतून कळलं, की मरीन लाइन्सजवळच्या त्याच्या घरात वीजच नाही. चर्चगेटच्या हॉकीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर! ज्यांनी खेळ जिवंत ठेवला त्यांच्या घरी दिवा नाही, आणि ज्यांनी बॅट सोडून काही हातात धरलं नाही ते आपण सगळे ट्यूबलाइटखाली बसून राष्ट्रीय खेळाच्या अंधःकारावर बोलतोय.

राष्ट्रीय खेळावरून आठवलं. बँकेच्या भरतीपरीक्षेत मला प्रश्न होता, 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' मी छाती पुढे काढून 'हॉकी'वर खूण केली. पुढे २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात सरकारला विचारलं, तर उत्तर आलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. म्हणजे माझ्या नोकरीतला एक मार्क बेकायदेशीर आहे. ही गोष्ट मी अजून ऑडिटरला सांगितलेली नाही.

आता मुख्य कबुली. इतका वेळ मी फिर्यादीच्या पिंजऱ्यात उभा होतो. आता पलीकडच्या पिंजऱ्यात जातो.

आमचे अण्णा ८२ च्या विश्वचषकाचे साक्षीदार होते. निदान आम्ही तसं समजत होतो. हॉकीचा विषय निघाला की ते चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, "हसन सरदार! आम्ही पाहिलाय. चेंडू स्टिकला चिकटवून आणल्यासारखा यायचा. आपले दोन बॅक एकमेकांकडे बघत राहायचे आणि हा गोलमध्ये!" मी हे वर्णन इतक्या वेळा ऐकलं की, पुढे मीही ते ब्रँचमध्ये स्वतःचं म्हणून सांगू लागलो होतो.

अण्णा गेल्यावर त्यांची कागदपत्रं आवरायला घेतली. नॉमिनी मीच, कारकूनही मीच. त्यामुळे काम चोख चाललं होतं. एका जुन्या पासबुकाच्या कव्हरात दोन तिकिटं सापडली. विश्वचषक हॉकी, जानेवारी १९८२ चा पहिला आठवडा. दोन्ही अखंड. कोपरासुद्धा फाटलेला नाही. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर वटवलेला आणि न वटवलेला कागद ओळखायला चष्मा लागत नाही.

मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गेले कुठे होते ते? कलकत्त्याला टेस्ट होती ना इंग्लंडशी. ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले. म्हणाले, इथून दादर, दादरला पूल चढून गाडी बदला, मग चर्चगेट, आणि रात्री पुन्हा तेच. त्यापेक्षा उद्या पेपरात सगळं येईलच."

आणि ती कलकत्त्याची टेस्ट काय झाली? अनिर्णित! त्या दौऱ्यातल्या सहा कसोट्यांपैकी पाच अनिर्णित राहिल्या, त्यांतली ती एक. जगातले बारा हॉकी संघ चर्चगेटला आले असताना माझ्या जन्मदात्यानं डोंबिवलीत बसून अनिर्णित कसोटी ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचून हसन सरदार पाहिला.

"पण आई, तिकिटं दोन कशी?" मी विचारलं.

"एक तुझं," ती म्हणाली. "चार वर्षांचा होतास. मी म्हटलं, एवढ्याशा पोराला तिकीट कशाला, मांडीवर घ्या. तर म्हणाले, नको, त्याचं स्वतःचं असू दे. मोठा झाला की सांगेल, मी वर्ल्ड कप पाहिला म्हणून."

मी ती तिकिटं परत पासबुकाच्या कव्हरात घातली. हळहळ-कराचा दर या प्रसंगाला किती लावायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग मुलानं काय दिवे लावले? तेही ऐका. जानेवारी २०२३ मध्ये विश्वचषक भुवनेश्वर आणि राउरकेलाला होता. ओडिशा सरकार २०१८ पासून राष्ट्रीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे. राउरकेलासारख्या पोलादाच्या गावी त्यांनी वीस हजारांवर माणसं बसतील एवढं स्टेडियम बांधलं आणि ते भरूनही दाखवलं. याला म्हणतात खात्यात भरणा. मी बँकेची एलएफसी काढली आणि कुटुंबाला घेऊन निघालो. घरात 'जगन्नाथपुरी' सांगितलं होतं, मनात हॉकी होती. पुरी झाली, कोणार्क झालं, चिल्का झालं, संबळपुरी साड्या तर दोनदा झाल्या. रविवारी २२ तारखेला भुवनेश्वरात भारत-न्यूझीलंड सामना. हॉटेल कलिंगा स्टेडियमपासून जवळ. काउंटरवरचा पोरगा आपण होऊन म्हणाला, "साहेब, तिकिटं हवी असतील तर बघू का?" आणि मी म्हणालो, "बघ, पण उगाच त्रास घेऊ नकोस."

मराठी मध्यमवर्गीय माणूस 'उगाच त्रास घेऊ नकोस' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'नको' असा असतो, हे त्या उडिया पोरालाही कळलं.

पाय दुखत होते. सकाळची गाडी होती. बॅगा भरायच्या होत्या. आम्ही खोलीत पलंगावर बसून टीव्हीवर सामना पाहिला. आपण २-० ने पुढे, मग ३-१. आणि एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. स्टेडियम इतकं जवळ होतं, की ओरडा आधी खिडकीतून यायचा आणि गोल नंतर टीव्हीवर व्हायचा. माझी मुलगी, तेव्हा सातवीत, टीव्ही सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिली. सामना ३-३ झाला. शूटआउट लागलं. शेवटी खिडकीतून आवाज यायचाच थांबला. टीव्हीवर आपला खेळाडू अजून चेंडू घेऊन पुढे जात होता. मुलगी वळून म्हणाली, "बाबा, हरलो." मग दोन सेकंदांनी आम्ही टीव्हीवर हरलो. ५-४. स्पर्धेत नववे.

परत आल्यावर आठवडाभर मी ब्रँचमध्ये सांगत होतो, "अहो, मी भुवनेश्वरलाच होतो तेव्हा! काय वातावरण होतं!" यातला एकही शब्द खोटा नाही. अण्णांचाही नसेल.

त्या खिडकीतूनच असेल कदाचित, पण मुलीच्या डोक्यात हॉकी शिरली. तिनं स्टिक मागितली. मी आधी सगळी उत्तरं दिली: दात पडतील, दहावी जवळ आली, डोंबिवलीत खेळणार कुठे आणि कुणाशी. (हीच उत्तरं मी डब्यात दुसऱ्या पालकांच्या तोंडून ऐकली असती, तर पन्नास रुपये कर लावला असता.) शेवटी गेलो दुकानात. बॅटींची भिंतच्या भिंत. मी विचारलं, "हॉकी स्टिक आहे?" दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. पांढरपेशा माणूस, खिशाला बँकेचं पेन. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खेळायला हवीय?"

"मग कशाला?"

"नाही, खेळायला असेल तर मागवावी लागेल," तो म्हणाला.

राष्ट्रीय खेळाची याहून खरी अवस्था मला कुठल्याही अग्रलेखात वाचायला मिळालेली नाही.

स्टिक आली. आणि एका रविवारी मी मुलीला घेऊन निघालो. डोंबिवली, दादर, पूल, चर्चगेट. प्रवासाला एकूण दीड तास लागला. हा दीड तास काढायला आमच्या घराण्याला चाळीसहून अधिक वर्षं लागली. मैदानावर दोन स्थानिक संघ खेळत होते. प्रवेश फुकट आणि जागा हवी तेवढी. इतकी मोकळी जागा मी जन्मात फक्त बंदच्या दिवशी लोकलमध्ये पाहिली आहे. दहा मिनिटांत मी उठून ओरडलो, "ऑफसाइड! ऑफसाइड!" शेजारी एक वृद्ध गोवेकर गृहस्थ बसले होते. ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "ऑफसाइड काढून टाकून पंचवीस वर्षांवर झाली." पुढे खेळ थांबला तेव्हा मी 'हाफटाइम' समजून चहाला निघालो, तर कळलं की हल्ली पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. ज्या खेळाच्या ऱ्हासावर मी पंधरा वर्षं तारस्वरात बोललो, त्याचे नियमच मला ठाऊक नव्हते. ज्या पेशंटला कधी पाहिलंच नाही, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी सही करत आलो होतो.

आणि पेशंट तर ठणठणीत! टोकियोच्या ऑलिंपिकला २०२१ मध्ये जर्मनीला ५-४ हरवून कांस्य, पॅरिसला २०२४ मध्ये स्पेनला २-१ हरवून पुन्हा कांस्य. त्या दोन्ही दिवशी आमच्या डब्यात जल्लोष झाला, मोबाइलवर फुलं उधळली गेली, आणि आठवड्याच्या आत पुन्हा सुस्कारे सुरू. माणसं एवढी सवयीनं रडत असतात की, मयत उठून बसलं तरी त्यांना व्यत्ययच वाटतो.

तेव्हा अर्थमंत्र्यांना माझी सूचना कायम आहे. फक्त एक सवलत जोडावी. ज्यानं वर्षातून एकदा तरी मैदानावर जाऊन हॉकीचा सामना पाहिला, त्याला त्या वर्षापुरती हळहळण्याची पूर्ण मुभा असावी. त्यानं मनसोक्त हळहळावं, संघटनेला शिव्या द्याव्यात, गवतालाही द्याव्यात. त्यानं खात्यात भरणा केलेला आहे. पुरावा म्हणून फाटलेलं तिकीट अर्जासोबत जोडावं. माझ्या सामन्याला प्रवेश मोफत होता, म्हणून मी दादर ते चर्चगेट परतीची दोन तिकिटं जोडतो आहे. दादरपर्यंत माझा पास आहे.

न फाटलेलं तिकीट मात्र पुरावा म्हणून धरू नये. तशी माझ्याकडे दोन आहेत.